मानधन, मोबदला आणि मंचांच्या अटी

गवंड्याला मिळते ती मजुरी, कारकुनाला मिळतो तो पगार, वकील घेतो ती फी आणि कीर्तनकाराच्या पदरी पडते ती बिदागी. लेखकाला जे मिळते त्याला मात्र मराठीत ‘मानधन’ म्हणतात. या एका शब्दात मराठी वाङ्मयव्यवहाराची एक जुनी लबाडी दडलेली आहे. धनाच्या आधी मान ठेवला की मग धन उशिरा दिले, कमी दिले, प्रसंगी दिलेच नाही, तरी व्यवहार पूर्ण झाला असे समजण्याची सोय होते. आकडा विचारणारा लेखक हलका ठरतो आणि आकडा न सांगणारा संपादक मात्र वाङ्मयसेवक म्हणून मिरवतो. या संस्कारात वाढलेला मराठीचा पदवीधर आज लेखनावर पोट भरण्यासाठी ऑनलाइन मंचांकडे वळतो, तेव्हा त्याच्यापाशी विचारण्यासाठी दोनच प्रश्न असतात : काम लवकर कोठे मिळेल आणि पैसे अधिक कोठे मिळतील? हे प्रश्न गैर नाहीत. परंतु लिहिलेला मजकूर अखेर कोणाचा आणि तो कोणत्या मापाने मोजला जाणार, हे दोन प्रश्न त्यांच्या आधीचे आहेत, आणि ते विचारण्याची भाषाच त्याला कोणी शिकविलेली नाही.

या मंचांविषयी वाङ्मयक्षेत्रातील ज्येष्ठांची भूमिका साधारणतः नाक मुरडण्याची आहे. मागणीनुसार, शब्दांच्या हिशेबाने, अपरिचित गिऱ्हाइकासाठी केलेले लेखन हे लेखनच नव्हे, असे या भूमिकेचे सार आहे. ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, म्हणजे आठवड्याची मागणी तिच्या घडणीतच होती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा मुदतीवर आणि पानांच्या मर्यादेत लिहिली जात आली आहे. भाषांतरे, पाठ्यपुस्तके, कोशांतील नोंदी, आकाशवाणीची भाषणे यांवर किती संसार उभे राहिले याचा हिशेब कोणी ठेवला नाही, एवढेच. (आकाशवाणीचे करारपत्र हे पुष्कळ मराठी लेखकांनी आयुष्यात सही केलेले पहिले आणि शेवटचे करारपत्र असावे. त्यात रक्कम भाषणाआधी लिहिलेली असे, ही केवढी सभ्यता!) तेव्हा बाजारासाठी लिहिल्याने लेखणी विटाळते, हा आक्षेप सोडून द्यावा. उलट, इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा मडगाव येथे राहणाऱ्या मराठी लेखकाला पुण्या-मुंबईच्या संपादकीय कोंडाळ्यात शिरकाव नसतानाही काम मिळू शकते, हा या मंचांनी केलेला उपकार मान्य करावयास हवा.

उपकार मान्य केल्यावर अटी वाचावयास हव्यात. येथेच अडचण आहे.

‘फायव्हर’ हा इस्रायलमध्ये 2010 साली सुरू झालेला मंच. पाच डॉलरांत काम, ही मूळ कल्पना त्याच्या नावातच आहे. लेखकाच्या मिळकतीतून तो वीस टक्के अडत कापतो, म्हणजे पाच डॉलरांच्या कामात लेखकाच्या हाती चार उरतात. ‘ईलान्स’ आणि ‘ओडेस्क’ या दोन मंचांच्या विलीनीकरणातून जन्मलेल्या आणि 2015 मध्ये ‘अपवर्क’ हे नाव धारण केलेल्या मंचाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. 2016 मध्ये त्याने एकाच गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या पहिल्या पाचशे डॉलरांवर वीस टक्के, पुढे दहा हजारांपर्यंत दहा टक्के आणि त्यानंतर पाच टक्के असा दर ठरविला. लहान कामे करणाऱ्यावर, म्हणजे नवख्यावर, सर्वांत जड भार! 2023 मध्ये सरसकट दहा टक्के झाले, आणि 2025 मध्ये शून्य ते पंधरा टक्क्यांपर्यंत बदलणारा दर आला. दर चढला की उतरला हा मुद्दा गौण आहे. एका दशकाच्या आत कराराची मुख्य अट तीनदा बदलली आणि तिन्ही वेळा लेखकाने फक्त ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवले, हे ध्यानात घ्यावे. शिवाय कामासाठी अर्ज करावयाचा तर त्या मंचावर ‘कनेक्ट्स’ नावाची नाणी खर्चावी लागतात आणि संपली की विकत घ्यावी लागतात. बाजार समितीतला अडत्या माल विकला गेल्यावर अडत घेतो. माल दाखविण्याबद्दल पैसे घेण्याची युक्ती त्यालाही सुचली नव्हती.

परंतु अडत ही तुलनेने निरुपद्रवी बाब आहे. मोजमापाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तासाच्या दराने काम करणाऱ्याला मोबदल्याची हमी हवी असेल तर ‘अपवर्क’ची ‘वर्क डायरी’ चालू ठेवावी लागते. ती साधारणतः दर दहा मिनिटांत एकदा लेखकाच्या पडद्याचे छायाचित्र घेते आणि कळफलकावर व माउसवर किती हालचाल झाली याची नोंद करते. हिशेबनीसाच्या किंवा आज्ञावली लिहिणाऱ्याच्या कामाला हे माप कितपत लागू पडते हे त्यांनी सांगावे. लेखनाला ते लागू पडत नाही, हे साहित्याचा कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. एखाद्या वाक्यातील क्रियापद बदलावे की नाही याचा विचार करीत लेखक खिडकीबाहेर पाहतो, तो वेळ या डायरीत आळसाचा ठरतो. उलट, निरर्थक मजकूर झपाट्याने टंकित करणारा उद्योगी ठरतो. निर्मितिप्रक्रियेवर मराठी समीक्षेने ढिगाने ग्रंथ लिहिले. त्या प्रक्रियेचे हे नवे शास्त्र कळफलकावर पडणारे आघात मोजत बसले असताना समीक्षा मात्र गप्प आहे.

आता मालकीकडे वळावे. भारताच्या 1957 च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यातील कलम 17 प्रमाणे साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. नोकरीच्या ओघात लिहिलेला मजकूर मालकाचा होतो, हा त्याला मुख्य अपवाद. मुक्तपणे काम घेणारा लेखक कोणाचा नोकर नसतो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र अथवा चित्र मागणी करणाऱ्याचे होते, परंतु साहित्यकृतीला कायद्याने तो नियम लावलेला नाही. तेव्हा केवळ पैसे दिले म्हणून मजकूर गिऱ्हाइकाचा होत नाही. लेखकाने तो लेखी हस्तांतरित करावा लागतो. कलम 19 त्यापुढे जाऊन सांगते की, हस्तांतरणाचा दस्तऐवज कोणत्या कृतीचा, कोणत्या हक्कांचा, किती मुदतीचा आणि कोणत्या प्रदेशापुरता हे सांगणारा असावा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानावा. 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले. कराराच्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या माध्यमातील हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय, हस्तांतरित झाला असे मानता येत नाही. कायदा इतक्या बारकाईने लेखकाची बाजू घेतो, हे किती लेखकांना ठाऊक आहे?

मंचांच्या अटी नेमके हेच संरक्षण एका परिच्छेदात निकालात काढतात. ‘फायव्हर’वर लेखकाने आपल्या जाहिरातीत वेगळे नमूद केले नसेल, तर काम पोचून पैसे चुकते झाल्यावर मजकुराचे सर्व हक्क खरेदीदाराकडे जातात आणि लेखकाने आपले नैतिक हक्कही सोडले असे मानले जाते. ‘वेगळे नमूद केले नसेल तर’ ही पाच अक्षरशः सोन्याच्या मोलाची पदे आहेत. ती वाचणारा लेखक जाहिरातीत दोन ओळी वाढवून आपला हक्क राखू शकतो. न वाचणाऱ्याचा मौनानेच लिलाव होतो. नैतिक हक्क म्हणजे काय, हे आपल्याकडे एका हिंदी लेखिकेने न्यायालयात उभे राहून दाखवून दिले आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटात मूळ कृतीचा विपर्यास झाला, अशी त्यांची तक्रार होती. चित्रपटाचे हक्क त्यांनी दिलेले होते. तरीही कलम 57 चा लेखकाचा विशेष हक्क हस्तांतरणानंतरही उरतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 मध्ये उचलून धरले. आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा हा हक्क होय. तो करारान्वये सोडून देता येतो काय, याविषयी विधिज्ञांत मतभेद आहेत. शिवाय परदेशी मंचांचे करार बहुधा परदेशी कायद्याच्या अधीन असतात (‘अपवर्क’ कॅलिफोर्नियाचा कायदा लावतो), तेथे भारतीय कलमाचा आधार पातळ होतो. लेखक नांदेडचा, मजकूर मराठी आणि न्याय कॅलिफोर्नियाचा, ही विसंगती पाच डॉलरांच्या कामासाठी कोणी सोडविण्यास जाणार नाही, हे मंच जाणून असतो.

यावर असा प्रतिवाद होईल की, साबणाच्या जाहिरातीचा मजकूर अथवा दुकानाच्या मालाची वर्णने यांवर नाव टिकवून काय करावयाचे? खरे आहे. असा मजकूर विकून मोकळे व्हावे. त्याची किंमत मात्र विक्रीची घ्यावी, भाड्याची नव्हे. परंतु त्याच मंचांवर दुसऱ्याच्या नावाने छापावयाच्या आत्मकथा, कादंबऱ्या, बालकथाही लिहून घेतल्या जातात, आणि त्यांना तीच अट लागते. मराठीच्या उमेदवाराने आपल्या हातून जाणारा मजकूर या दोहोंपैकी कोणत्या जातीचा, हे मंच निवडण्यापूर्वी ठरवावे.

मराठीपुरते पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. बंगळूरहून 2014 साली सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर लेखकाचे नाव राहते आणि वाचकांच्या वर्गणीतून त्याला हिस्सा मिळू शकतो, मात्र भागांवर मिळकत अवलंबून असली की कथा संपविणे तोट्याचे ठरते. आपट्यांनाही क्रमशः लिहावे लागले, पण ‘करमणूक’ त्यांच्याच हाती होते, हा फरक विसरू नये. ‘किंडल’ने 2016 च्या अखेरीस मराठी पुस्तकांना दार उघडले. तेथे स्वामित्वधनाचे पस्तीस आणि सत्तर टक्के असे दोन दर आहेत. भारतातील विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील तर ते डिजिटल पुस्तक एका वेळी नव्वद दिवस अन्यत्र कोठेही न देण्याची अट पाळावी लागते. स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’ने 2017 मध्ये भारतात येताना इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीची निवड केली. श्राव्य पुस्तकांच्या या बाजारात वर सांगितलेली 2012 ची दुरुस्ती प्रत्येक लेखकाच्या खिशात असावी.

भाषांतरकारांचा 1999 पासूनचा ‘प्रोझ’ हा मंच या गर्दीत वेगळा उठून दिसतो. त्याच्या ‘ब्लू बोर्ड’वर भाषांतरकार काम देणाऱ्यालाच एक ते पाच गुण देतात, आणि पुन्हा त्याचे काम स्वीकारणार काय, हे सांगतात. अन्यत्र लेखकाच्या माथी तारे चिकटविले जातात. येथे पैसे बुडविणाऱ्याची कुंडली मांडली जाते. मंचाची पारख करावयाची तर याच ठिकाणी करावी. देणेकऱ्याचा पूर्वेतिहास लेखकाला दाखविला जातो काय, रक्कम कामापूर्वी तिऱ्हाइताकडे ठेवली जाते काय, हक्क वेगळे राखण्याची मुभा आहे काय, आणि लेखकाचा मजकूर यंत्राला शिकविण्यासाठी वापरला जाईल काय? यांतील शेवटचा प्रश्न 2022 च्या अखेरीस ‘चॅट-जीपीटी’ आल्यापासून पहिल्या क्रमांकावर आला आहे. पंधरा डॉलरांना एक या दराने लेख लिहवून घेणाऱ्या अमेरिकेतील ‘डिमांड मीडिया’चे उदाहरण जुने, पण स्मरणीय आहे. 2011 च्या फेब्रुवारीत ‘गूगल’ने शोधाची क्रमवारी लावण्याची रीत बदलली आणि तो डोलारा खचू लागला. शोधयंत्रासाठी लिहिणाऱ्यांना वाचक कधी मिळालेलाच नव्हता.

आणि विद्यापीठांतील मराठी विभाग? तेथे रससूत्राच्या चार भाष्यकारांवर दहा गुणांचा प्रश्न असतो, तो असावाच. ‘उपयोजित मराठी’च्या नावाखाली जाहिरातलेखन आणि मुलाखततंत्रही शिकविले जाते. परंतु संहितेचे सूक्ष्म वाचन शिकविणाऱ्या या विभागांना एक संहिता अस्पृश्य वाटते : विद्यार्थ्याच्या उपजीविकेचा करार. अनेकार्थता, मौन, अध्याहृत कर्ता यांचे इतके समृद्ध उदाहरण त्यांना दुसरीकडे क्वचितच सापडेल. ‘सर्व हक्क प्रदान केले जातात’ या वाक्यातील कर्ता कोण, हे ओळखणे हा समीक्षेचाच प्रश्न आहे.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मंचावर काम करणाऱ्यांची स्वतंत्र व्याख्या केली. ज्या मंचचालकांनी त्यांच्या सुरक्षेसाठी अंशदान द्यावयाचे, त्यांची यादी तिच्या सातव्या अनुसूचीत आहे. तीत प्रवासी गाड्या आणि घरपोच अन्न यांच्याबरोबरीने मजकूर व माध्यमसेवा यांचाही समावेश आहे. गाडी चालविणाऱ्यांनी आणि डबे पोचविणाऱ्यांनी संप केले, निदर्शने केली, मंत्र्यांपुढे गाऱ्हाणी मांडली. त्याच अनुसूचीत बसू शकणारा मराठी लेखक अजून तेथे फिरकलेला दिसत नाही. तो मानधनाच्या पत्राची वाट पाहत आहे.