फायनल कोण मारणार ते नंतर, आधी चिठ्ठ्या उघड्यावर काढा



मंगळवारपासून फोन थांबेना. "भाऊ, रविवारच्या मैदानाचा अंदाज टाका की." गेली तीन वर्षं यात्रेच्या बैलगाडी शर्यतीआधी मी इथं फायनलच्या जोड्या सांगत आलोय आणि बऱ्याचदा जमलंही. गेल्या वर्षी तर मी लिहिलेल्या सहापैकी चार जोड्या फायनलला आल्या. चार दिवस कॉलर ताठ होती माझी. मग एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात आले. चहा घेतला नाही, बसलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमचं वाचून पोरानं ठिबकचे पैसे लावले." मी एक नंबरला लिहिलेली जोड सेमीतच चाकोरी सोडून पब्लिकच्या कडेला गेली होती. त्यांना काय बोलायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

म्हणून यंदा नावं नाहीत. पण जोड कशी ओळखायची ते सांगतो, कारण ही विद्या मला आवडते आणि ती सट्टेवाल्यांच्या बापाची नाही.

हँडबिलावर मोठ्या बैलाचं नाव असतं. तुम्ही त्याच्या जोडीदाराकडं बघा. पैरा म्हणजे दोन मालकांचे दोन बैल एका छकड्याला. गाडी पळते ती कमी पळणाऱ्याच्या पायानं. एक बैल सुट्टीला झटकन उठतो आणि दुसरा शेवटच्या टप्प्यात पाय टाकतो, असा पैरा जमला तर सोनं, नाहीतर छकडा तिरका होतो आणि खेळ खलास. ही जोड आधी किती मैदानं एकत्र पळाली ते विचारा. डाव्या बाजूला पळायची सवय असलेला बैल केवळ पैरा जुळवायचा म्हणून उजवीकडं जुंपलाय का, ते बघा. मग चाकोरी. कडेच्या चाकोरीत शिट्ट्या, मोबाईल, उडणाऱ्या टोप्या. बुजरा बैल तिथं हरतोच, कितीही पळणारा असू दे. ड्रायव्हर वजनानं हलका पाहिजे हे सगळ्यांना माहिती आहे, पण त्याला हे दोन बैल ओळखतात का, हे कुणी विचारत नाही.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे गट नंबर. सकाळी आठला पहिल्या गटात पळालेली जोड सेमीपर्यंत झाडाखाली बसते, पाणी पिते, ताजी होते. दुपारी चारला पळालेली जोड घाम वाळायच्या आत पुन्हा सेमीला उभी राहते आणि अंधार पडायच्या आत फायनल. बैल तेवढाच चांगला, पण त्याचा निम्मा निकाल चिठ्ठीनं लावलेला असतो. तर माझा यंदाचा अंदाज असा. ओपनमध्ये सुरुवातीच्या गटातून पुढं गेलेली, मधल्या चाकोरीतली, आधी चार-पाच मैदानं एकत्र मारलेली जोड. आदतमध्ये एकाच गोठ्यातली घरची जोड. बघा रविवारी.

आता मुद्द्याचं. चिठ्ठीवर एवढं अवलंबून आहे, तर ती चिठ्ठी निघते कुठं? शनिवारी रात्री, शटर ओढून, कमिटीच्या सात-आठ जणांसमोर. सकाळी माईकवर नुसती यादी वाचतात. गेल्या तीन वर्षांत बड्या देणगीदारांच्या जोड्या कितीदा दुपारच्या गटात निघाल्या, ते तुम्हीच आठवून सांगा. मी चोरी झाली म्हणत नाही. माझ्याकडं पुरावा नाही आणि पुरावा मिळू नये अशीच ही पद्धत आहे, एवढंच म्हणतो.

पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा पावसाळ्यात एकदा मित्राबरोबर रेसकोर्सला गेलो होतो. पैसे लावायची ऐपत नव्हती, पण हातात रेसबुक आलं आणि मी चाट पडलो. घोड्याचं वय, त्याचे आई-बाप, पाठीवर किती किलो वजन, जॉकी कोण, ट्रेनर कोण, कितव्या गेटातून सुटणार, मागच्या शर्यतींत कितवा आला, सगळं छापलेलं. जास्त जिंकणाऱ्या घोड्यावर जास्त वजन टाकतात, म्हणजे दुबळ्यालाही संधी. जॉकीनं मुद्दाम लगाम ओढला असं वाटलं तर स्टुअर्ड लोक चौकशी लावतात, निलंबित करतात. जिंकलेल्या घोड्याची औषधासाठी तपासणी होते. सुप्रीम कोर्टानं 1996 साली घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ मानला, तो हे सगळं समोर ठेवून डोकं चालवायला वाव असतो म्हणून. आणि एवढं करूनही फेव्हरिट घोडा ढोबळमानानं तीनपैकी दोन वेळा हरतो! रेसकोर्स म्हणजे धुतल्या तांदळाचा असं मी म्हणत नाही, तिथंही घरंदारं बुडालीत. पण तिथं बुडणाऱ्याला निदान छापील माहिती तरी मिळते.

आपल्या हँडबिलावर काय असतं? नेत्यांचे सतरा फोटो, बक्षिसाची गाडी आणि "बैलगाडाप्रेमींनी उपस्थित राहावे".

आणि या अंधारावर पोरं पैसे लावतायत. कुठलातरी ग्रुप, कुठलातरी "फिक्स फायनल" सांगणारा रीलवाला, भाव फोनवर. आपल्या राज्यात कायदेशीर बेटिंग घोड्यांच्या रेसवर, तेही परवान्याच्या चौकटीत. बैलांवर लावलेला रुपया म्हणजे सरळ जुगार. जिंकलात तरी वसूल कुठून करणार, आणि हरलात तर वसुलीला येणारे कोण असतात ते बसस्टँडमागच्या टपरीवर विचारा. माझ्यासारख्यांचे अंदाज त्या धंद्याला फुकटची जाहिरात देत होते. कबूल करतो.

मला शर्यतविरोधी म्हणणारे आता येतीलच. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. 2017 ला राज्यानं कायदा दुरुस्त केला, त्याच वर्षी हायकोर्टानं अडवलं. 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा कायम ठेवला. बंदीच्या त्या वर्षांत दावणीचे खिल्लार खोंड कवडीमोलानं बाजारात गेलेले मी बघितलेत, त्यावर बातम्या लिहिल्यात, मोर्चात चाललोय. मला ही शर्यत पाहिजे. पण कोर्टानं परवानगी देताना अटी काटेकोर पाळायची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली, हे स्टेजवरून कुणी सांगत नाही. पल्ला हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक नाही, शॉक देणारं यंत्र नाही, शर्यतीचं चित्रीकरण करून प्रशासनाला द्यायचं. गेल्या वर्षी सुट्टीच्या जागी बैलाच्या पाठीवर काय टेकवलं जात होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. मी स्वतः पाहिलं आणि बातमीत लिहिलं नाही, कारण पुढच्या पानावर मैदानाची जाहिरात होती. हेही कबूल. असा एक व्हिडिओ कोर्टात गेला की पुन्हा दारं बंद, आणि मग बसा परत मोर्चे काढत.

काल तहसील कार्यालयात अर्ज दिलाय. तीन मागण्या: गटाच्या चिठ्ठ्या जाहीर काढाव्यात, जोडीतल्या दोन्ही बैलांची आणि ड्रायव्हरची नावं गटवार फलकावर लावावीत, आणि चित्रीकरणात फक्त निशाणाची नाही तर सुट्टीची जागाही असावी. पोचपावतीचा फोटो खाली आहे.

कमिटीतले बरेच जण माझ्या वर्गातले आहेत. गड्यांनो, शनिवारी रात्री आठला चिठ्ठ्यांचा डबा मारुतीच्या पारावर आणा. लहान पोराच्या हातानं काढू, मी मोबाईलवरून लाईव्ह करतो, एक रुपया घेणार नाही. आणला नाहीत तरी मी आठला पारावर आहेच.

कमेंटमध्ये जोड्यांची नावं आणि भाव टाकू नका. काढून टाकीन.