साप्तपदीन सख्य आणि अठरा खळग्या

खेळ हा मुलांचा, फार तर तरुणांचा, अशी आपल्या घरांतून समजूत रूढ आहे. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थानें खेळावयाचेंच झालें तर तें प्रकृतीसाठीं खेळावें, असें आपण मानतों. खेळापासून शरीरास काय मिळतें याचा हिशेब सर्वजण मांडतात. त्यापासून माणसास माणूस मिळतो, या लाभाची नोंद मात्र क्वचितच कोणी करतो. या महिन्यांत आम्ही त्याच लाभाचा विचार करणार आहों, आणि त्यासाठीं गोल्फचें उदाहरण घेणार आहों; कारण हौशी लोकांच्या क्लबांतील सामन्यांची परंपरा या खेळांत फार जुनी आहे.

इ. स. १७४४ मध्यें स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील नगरसभेनें रुप्याची एक गोल्फची काठी बक्षीस म्हणून लावली. लीथच्या मैदानावर स्पर्धा ठरली आणि तिच्यासाठीं खेळाडूंनीं तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम ते हेच. जॉन रॅट्रे नांवाच्या शस्त्रवैद्यानें ही पहिली स्पर्धा जिंकली. परंतु त्यास मिळालें काय? ती काठी विजेत्याच्या घरीं जावयाची नव्हती. उलट त्यानेंच सोन्याचा किंवा रुप्याचा तुकडा तीस जोडावयाचा होता. तो वर्षभर खेळाचा कप्तान व्हावयाचा आणि खेळांतील तंटे त्यानें मिटवावयाचे. म्हणजे बक्षिसांत द्रव्य नव्हतें, मंडळींतील मान होता, आणि मानाबरोबर जबाबदारी होती.

त्या मंडळीचें मोल रॅट्रेला लौकरच कळलें. १७४५ मध्यें राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टनें बंड उभारलें व रॅट्रे त्या पक्षाचा शस्त्रवैद्य झाला. १७४६ मध्यें कलोडनच्या लढाईंत बंडाचा मोड झाला आणि तो कैद झाला. बंडखोरांस त्या काळीं फांसाची शिक्षाही होऊं शकत असे. परंतु स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाचा अध्यक्ष डंकन फोर्ब्स हा लीथच्या मैदानावरील त्याचा सोबती होता. फोर्ब्स सरकारपक्षाचा, बंड मोडण्यासाठीं झटलेला. तरी त्यानें रॅट्रेसाठीं रदबदली केली. १७४७ मध्यें रॅट्रे सुटला, आणि १७५१ मध्यें त्यानें तीच रुप्याची काठी पुनः जिंकली. राजकारणानें ज्यांस शत्रु केलें, त्यांचें सख्य खेळानें अगोदरच जुळविलें होतें.

असें सख्य कशानें जुळतें? पाणिनीनें ‘साप्तपदीन’ हा शब्द सख्याच्या अर्थीं सिद्ध केला आहे. सात पावलें बरोबर चाललें कीं मैत्री होते, ही त्यामागील कल्पना. गोल्फमध्यें अठरा खळग्या पुऱ्या करावयाच्या म्हणजे दोन कोसांहून अधिक चाल आणि साडेतीन-चार तासांची संगत. त्यांपैकीं चेंडूस टोला मारण्यांत जाणारा वेळ अगदीं थोडा. बाकीचा चालण्यांत आणि बोलण्यांत जातो. शिवाय क्लबाच्या सामन्यांत जोडीदार पुष्कळदां सोडतीनें ठरतो. आपण होऊन ज्याच्याकडे आपण कधीं गेलों नसतों, त्याच्याबरोबर चालावें लागतें.

दुसरें साधन हँडिकॅपचें. प्रत्येकाच्या मागील खेळावरून त्यास सवलतीचे टोले ठरवून देतात. एकाचा आंकडा सहा आणि दुसऱ्याचा अठरा असला, तर दोघांच्या सामन्यांत दुसऱ्यास साधारणतः बारा टोल्यांची सूट मिळते. त्यामुळें साठीचे आजोबा व पंचविशीचा नातू यांचा सामना खरोखर चुरशीचा होऊं शकतो. २०२० पासून जगांतील बहुतेक देशांत हा हिशेब एकाच पद्धतीनें होऊं लागला आहे. तिसरें साधन विश्वासाचें. टोल्यांची मोजदाद ज्या स्पर्धेंत होते, तींत आपले टोले दुसरा खेळाडू टिपतो आणि शेवटीं दोघेही सही करतात. क्लबाच्या सामन्यांत प्रत्येकामागें पंच नसतो. आपली चूक आपणच बोलून दाखवावी लागते. चार तासांत माणसाचा स्वभाव असा उघड होतो कीं चार वर्षांच्या दिवाणखान्यांतील परिचयानें तो होणार नाहीं. व्यापाराचें काम साधावें म्हणून जो काठी हातीं धरतो, तोही ह्या परीक्षेंतून सुटत नाहीं.

मात्र या सख्यास कुंपणही होतें, तें झांकून ठेवणें योग्य नव्हे. लीथच्या त्याच मंडळीचा क्लब हल्लीं म्युरफील्ड येथें आहे. स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव तेथें २०१६ मध्यें आवश्यक दोनतृतीयांश मतांअभावीं फसला आणि २०१७ मध्यें संमत झाला. सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध क्लबानें तो २०१४ मध्यें मान्य केला होता. अडीचशें वर्षांहून अधिक काळ निम्म्या मनुष्यजातीस दाराबाहेर ठेवून जमविलेली मैत्री ही निम्मीच मैत्री नव्हे काय?

आपल्या देशांतही हा खेळ जुना आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. परंतु मैदान, काठ्या व वर्गणी यांचा खर्च पाहतां तो सर्वांच्या आवांक्यांतला नाहीं, हें उघड आहे. आमचें म्हणणें वाचकांनीं गोल्फ खेळावा असें नाहींच. पेन्शन घेतल्यावर कचेरींतील ओळखी वर्षभरांत विरून जातात, आणि कर्ता गृहस्थ खिडकीशीं बसून रस्ता पाहूं लागतो. ही स्थिति मात्र घरोघरची आहे. आपल्या आळींत बुद्धिबळांचे किंवा कॅरमचे सामने भरवावे, जोड्या सोडतीनें पाडाव्या, नवख्यास सवलत द्यावी, सुना-लेकींस व आजीबाईंस प्रथमपासून पटावर बसवावें. बक्षीस एकच ठेवावें आणि तें कोणाच्याही घरीं जाऊं देऊं नये. विजेत्यानें पुढील वर्षाचे सामने भरवावे, म्हणजे झालें.