उतार आषाढात बघा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग यांस,



महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या प्राथमिक शाळांच्या गटारांबद्दल हे पत्र आहे. अलिबागेत विषय किरकोळ वाटेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या दोन तालुक्यांत तो तसा वाटत नाही, निदान २२ जुलै २०२१ नंतर तरी. तळियेवर आणि साखर सुतारवाडीवर दरड कोसळली, तेव्हा महाड शहर पाण्यात होतं. पूर ओसरल्यावर ठिकठिकाणची तरुण मुलं आली आणि घराघरांतला चिखल घमेल्यांनी उपसून गेली. राबायला पोरं मिळत नाहीत, हे आमच्याकडे तरी कुणी म्हणू नये.

त्यांना कामाला लावायची सोयही आहे: महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. घोडं पेंड खातं ते इथे. शिबिरं बहुधा हिवाळ्यात भरतात आणि तेव्हा शाळेचं अंगण ठणठणीत कोरडं असतं. चर कुठून काढायचा म्हणून मुलं विचारतात, कुणीतरी हात करून "असा, इकडून" सांगतं. मुलं मान मोडून खणतात, कडेला चुना मारतात, फोटो निघतो. पावसाळ्यात पाणी आपल्या जुन्याच वाटेने व्हरांड्यात!

डोंगर कापून बांधलेल्या शाळेत पाणी दोन वाटांनी येतं. पागोळ्यांचं पाणी दिसतं; त्याला भिंतीलगतचं गटार पुरतं. दुसरं मागच्या दरडीतून पाझरतं, आषाढात भिंतीच्या बुडाशी फुटतं आणि सर थांबली तरी वाहत राहतं. पोषण आहाराच्या तांदळाची पोती विटांवर फळी टाकून ठेवावी लागतात ती त्याच्यामुळे. हे पाणी दरडीत मुरण्याआधीच अडवायला हवं. माथ्यावर आडवा चर काढून ते बाजूच्या वहाळात सोडायचं, आणि चरही पक्का हवा, नाहीतर तोच दरडीत पाणी मुरवतो. याउलट उत्साहाच्या भरात कुणी दरडीचा पायथा खणला, तर वरची माती आधार सोडते. हा निर्णय एकोणीस वर्षांच्या मुलावर सोडायचा नसतो.

म्हणून मागणी साधी आहे. भर जुलैत, पाऊस चालू असताना, आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनी शाळेवर यावं. शाळा व्यवस्थापन समितीला, आणि विशेषतः गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला, सोबत घ्यावं. पाणी कुठून फुटतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तिथल्या तिथे खुंट्या ठोकाव्यात, भिंतीवर रंगाने खुणा कराव्यात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा करतेच. चराचा नकाशा त्यालाच जोडता येईल.

शाळेच्या कुंपणापर्यंत मुलं खणतील. पुढे रस्ता लागतो, नाहीतर कुणाचं तरी शेत. रस्त्याखाली मोरी घालणं पहार-टिकावाचं काम नव्हे, आणि शेतकऱ्याची संमती घ्यायला जबाबदार माणूसच लागतो. तेवढं आपल्या बांधकाम विभागाने अंगावर घ्यावं. मोरी नसेल तर शाळेचं पाणी शेजारच्या अंगणात जाईल आणि भांडणं तेवढी वाढतील.

खुणांचा नकाशा दिवाळीपूर्वी महाविद्यालयांतल्या सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या हाती पडला, तर शिबिराचं गाव आणि काम त्याप्रमाणे ठरवता येईल.

आपला,
महाड तालुक्यातील एक माजी स्वयंसेवक