बाळंतिणीचे मनगट

लसीकरणासाठी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळ आपल्याकडे येते. त्याचे वजन, डोक्याचा घेर, मान धरणे हे सारे आपण काटेकोरपणे नोंदवतो. ज्या हातांनी त्याला आपल्या टेबलावर ठेवले, त्या हातांसाठी मात्र केसपेपरवर रकाना नसतो. तो असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखते, बाळ उचलताना कळ येते, ही तक्रार बाळंतिणींमध्ये मुळीच दुर्मीळ नाही. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. इंग्रजी वैद्यकात त्याला ‘धोबिणीची लचक’ असेही म्हणत. अंगठा हलविणाऱ्या दोन कंडरा मनगटाशी एका अरुंद नलिकेतून जातात. काखेत हात घालून, अंगठे ताणून बाळ उचलायचे. दिवसातून ८ ते १२ वेळा पाजायचे, तेव्हा वाकवलेल्या मनगटावर त्याचे डोके पेलायचे. नलिकेचे आवरण जाड होते, कंडरा अडखळू लागतात. साधारण पाच महिन्यांत बाळाचे वजन दुप्पट होते याचे आपल्याला कोण कौतुक! मनगट मात्र तेच असते.

आमच्या माळव्यातील मराठी घरांत निदान ठरलेले असते : ‘थंड पाण्यात हात घातलेस, वात भरला.’ मग तेल लावून जोराने चोळणे. आजीबाईंच्या मायेविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, हलका शेक द्यावा, चोळू नये. आणि ‘हात दुखतो तर वरचे दूध सुरू करा’ हा सल्ला तर सर्वथा अनाठायी आहे. पाजण्याची बैठक बदलावी, पाजणे थांबवू नये.

मांडीवर उशी घ्यावी, म्हणजे भार उशीवर जातो. बाळ उचलताना तळहात वर, एक मानेखाली, दुसरा कुल्ल्यांखाली, मनगट सरळ. अंगठ्यासह मनगटाला आधार देणारा पट्टा काही आठवडे वापरावा. बहुतेकींना एवढ्याने उतार पडतो. न पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडून स्टेरॉइडचे इंजेक्शन घेता येते. स्तनपान चालू असतानाही. बोटांना मुंग्या येत असतील, किंवा अनेक सांधे सुजून सकाळी आखडत असतील, तर मात्र विचार वेगळा. संधिवाताचा आरंभ बाळंतपणानंतर होऊ शकतो, हे विसरू नये.

रात्री बाळ उचलून आईजवळ देणे आणि दुपटी बदलणे वडिलांनी करावे, हे मी चिठ्ठीवरच लिहितो, औषधांच्या वर.