उतारवय, डोळे आणि दूरचित्रवाणीवरील आरोप

दूरचित्रवाणी पाहिल्याने उतारवयात दृष्टी अधू होते, म्हणून ज्येष्ठांनी ती पाहूच नये, असा पूर्वपक्ष घरोघरी मांडला जातो. या भीतीला एकेकाळी आधार होता. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले होते. मात्र तो दोष उच्च विद्युतदाबावर चालणाऱ्या निर्वात नळ्यांचा होता आणि आजच्या सपाट पडद्यांत त्या नळ्याच नाहीत.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होते आणि जवळचे पाहण्यासाठी फुगीर होण्याची त्याची क्षमता, म्हणजे समायोजन, क्षीण होत जाते, हे खरे. परंतु चाळीस सेंटिमीटरवरील पुस्तकासाठी २.५ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) समायोजन लागते, तर तीन मीटरवरील पडद्यासाठी जेमतेम एक तृतीयांश डायॉप्टर. म्हणजे ज्या कामात वयस्क डोळा दुबळा ठरतो, ते काम दूरचित्रवाणी त्याच्याकडून फारसे मागतच नाही.

शिणवटा येतो तो बहुधा चष्म्यामुळे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. उशीला टेकून पाहताना नजर नेमकी त्या भागातून जाते, चित्र पुसट होते आणि ते स्पष्ट करण्यासाठी हनुवटी छातीशी ओढली जाऊन मान अवघडते. अशा वेळी पडद्याचे अंतर मोजून केवळ त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेणे हाच खरा उपाय आहे. दिवे मालवून पाहण्याची सवयही सोडावी, कारण वयपरत्वे गढूळ होत जाणारे भिंग प्रकाश विखुरते आणि काळोखातला उजळ पडदा अधिक खुपतो. संचामागे मंद दिवा असावा. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि आधीच कोरडे पडू लागलेले डोळे चुरचुरतात, त्यामुळे अधूनमधून त्या जाणीवपूर्वक मिटाव्यात. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांवर मात्र खर्च करू नये. त्यांनी शिणवटा कमी होत असल्याचा पुरावा वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातही आढळला नाही.

या आरोपाचे खंडन करण्याचे सर्वांत गंभीर कारण वेगळेच आहे. ‘टीव्ही फार पाहता’ एवढ्यावर तक्रार मिटवली जाते तेव्हा शस्त्रक्रियेने बरा होणारा मोतीबिंदू वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि बहुधा वेदनेविना वाढणाऱ्या काचबिंदूत, म्हणजे दृष्टिचेतेच्या ऱ्हासात, गेलेली नजर परत येत नाही.