हिंगाच्या डबीतला गहू

माझ्या भाचीला सीलिॲक आहे. गव्हाचा कणही तिला सोसत नाही. रमजानमध्ये दस्तरखानावर समोसे आले की ती खजूर घेऊन गप्प बसायची. मीच म्हटलं, "भजे बेसनाचे आहेत, खा बेटा." खाल्ले, आणि रात्रभर पोट धरून बसली.

मग हिंगाची डबी वाचली. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. शिवाय आमची डाळ गव्हाच्याच चक्कीवर दळलेली, तेलही समोसे तळलेलं!

आता हरभऱ्याची डाळ आणि तांदूळ निवडून घरीच मिक्सरमध्ये दळते. चाळणीही वेगळी ठेवली आहे. हिंगाऐवजी ओवा घालते.

दोन कांदे उभे चिरून, मूठभर मेथी घालून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. सुटलेल्या पाण्यातच वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट आणि चमचाभर कडकडीत तेल कालवा. लागलंच तर पाण्याचा हबका मारा. सोडा नको, त्यानं भजे तेल पितात. मध्यम आचेवर तळा, कुरकुरीत होतात.

आमच्याकडे आता ताज्या तेलातला पहिला घाणा तिचा. समोसे त्यानंतर.