छप्पर शाकारावे की नवे घालावे?

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. दोन ठिकाणी गळते, तीन वासे कुजले आहेत, आणि आखाती देशात नोकरीला असलेला भाऊ फोनवरून सांगतो की हे सगळे काढून टाका आणि एकदाचा स्लॅब घाला. रत्नागिरी-रायगडकडील अनेक दुकानदारांनी याच सल्ल्यापायी दुकानाचे खेळते भांडवल छपरात घातले आहे. हा सौदा बहुतेक वेळा तोट्याचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात गळती हे छप्पर बदलण्याचे कारण नव्हे. गळती म्हणजे फुटलेले किंवा सरकलेले कौल. माकडांच्या एका टोळीने पाखे ओलांडले तरी दहा-वीस कौले जातात. त्यासाठी छप्पर मोडणे म्हणजे खिसा फाटला म्हणून शेरवानी टाकून देणे. पाहायचे असते ते लाकूड. मंगलोरी कौल (बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासूनचे) नीट भाजलेले असेल तर वाशापेक्षा जास्त टिकते. बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आला तर शेवाळ धुऊन तेच पुन्हा चढवावे. वाशाची परीक्षा मात्र खाली उभे राहून होत नाही. वळचणीच्या दोन ओळी उतरवाव्यात आणि भिंतीवर टेकलेल्या टोकाला जाड खिळा टोचावा. लाकूड आधी कुजते ते तिथेच, शिवाय आढ्याजवळ आणि दोन पाख्यांच्या सांध्यातील पत्र्याच्या पन्हळीखाली. खिळा सहज आत गेला की तो वासा गेला असे समजावे. अंगणात उभे राहून आढ्याची रेघही पाहावी. ती मध्ये झोल खात असेल तर दुखणे मोठे आहे.

पावपट वासे खराब असतील तर तेवढेच बदलावेत. निम्म्याहून अधिक गेले असतील, वाळवी आढ्यापर्यंत पोहोचली असेल, तर मात्र दरवर्षीच्या डागडुजीत पैसा घालवू नये, सांगाडा नवाच करावा. पण सांगाडा नवा म्हणजे कौलेही नवी असे नाही. हल्ली लोखंडी चौकोनी पाइपांवर जुनी कौले बसवतात. खाऱ्या वाऱ्यात त्या पाइपांना रंगाचा हात वेळोवेळी द्यावा लागतो. हा खर्च गुत्तेदार कधी सांगत नाही.

आता स्लॅबचे. एक ब्रास, म्हणजे शंभर चौरस फूट कौलारू छपरावर साधारण दीडशे कौले बसतात. एका कौलाचे वजन सव्वादोन ते अडीच किलो, म्हणजे एकूण साडेतीनशे किलोच्या आसपास. तेवढ्याच जागेवर पाच इंची स्लॅब घातला तर वजन तीन टनांच्या घरात जाते. मातीत रचलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंती हा बोजा पेलणार आहेत काय? पेलणार नाहीत. तेव्हा पाया, खांब, नकाशा, परवानगी, सगळे नव्याने आले. छपराचा खर्च म्हणून सुरू झालेले काम नव्या घराचा खर्च होऊन बसते. आणि गंमत अशी की पाच-सात वर्षांत त्याच स्लॅबवर, गळते आणि तापते म्हणून, लोक पत्र्याची शेड उभारतात!

पत्रा स्वस्त आणि हलका असतो, हे खरे. पण हलकेपणाच नडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात कौले गेली तसे पत्रेही उडाले. पत्रा घालायचाच तर हूक आणि नटबोल्टांत कंजुषी करू नये. जुने सिमेंटचे पत्रे काढताना ते फोडू-कापू नयेत, भिजवून अख्खे उतरवावेत. त्यातील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते.

व्यापाऱ्याने हिशेब व्यापाऱ्यासारखाच करावा. समजा, दरवर्षी शाकारणीला पंधरा हजार लागतात आणि नव्या छपराला तीन लाख. मजुरी वाढत जाते हे धरले तरी बारा-पंधरा वर्षांची शाकारणी त्या तीन लाखांत होते. तेच तीन लाख दुकानात फिरले तर काय देतील, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे. व्याजी कर्ज काढून स्लॅब घालणाऱ्याने तर दोनदा पाहावे. मात्र घरातच शिलाईचे कारखाने किंवा धान्याचा साठा असेल तर गणित उलटते. एका रात्रीच्या गळतीत छपराच्या किमतीचा माल जाऊ शकतो.

खरी अडचण पैशाची नाही, कारागिराची आहे. कौले चढवणारे हात कमी होत चालले आहेत, म्हणून लोक नाइलाजाने पत्र्याकडे वळतात. आपल्या सुतार बंधूंच्या मुलांनी हे काम शिकले तर मार्च ते मे तीन महिने त्यांना उसंत मिळणार नाही.

दुसरी अडचण वाटणीची. घर वडिलोपार्जित, हिस्सेदार सहा-सात, बहिणींचाही हक्क, आणि खर्च करतो तो गावात राहणारा एकटा. मग दहा वर्षांनी त्यावरून भांडण होते. काम सुरू करण्यापूर्वीच सर्वांना पत्राने कळवावे, खर्चाच्या पावत्या जपाव्यात, आणि ही रक्कम मदत आहे की हिश्श्यातून वळती व्हायची हे लिहून घ्यावे.

बदलीची कौले आणायला जाताना जुने एक कौल नमुन्याला बरोबर न्यावे, कारण दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत. मोडलेल्या घरांची कौले गावोगाव विकत मिळतात, आधी तिथे चौकशी करावी. आणि हे सगळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपावे. त्यानंतर कारागीर दुप्पट मजुरी मागतो, आणि तोही मिळाला नाही की धंदा होतो तो ताडपत्रीवाल्याचा.